रेवाला विचारायचे राहिले

शिक्षकांचे किस्से निर्माल्यासारखे असतात. रोज थोडे थोडे साठत जातात. आणि देवाच्या पायांना एकदा लागलेले फूल कचऱ्यात टाकवत नाही. झाशीत मानिक चौकामागच्या आमच्या देवळात दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग भरतो. घरी मराठी कानांवर पडते, तोंडी मात्र हिंदी, अशी ही मुले. मी त्यांना अभंग शिकवतो, वसुधाताई लेखन-वाचन शिकवतात आणि तरुण समीरभैया मोबाइलचा सारा संसार सांभाळतो. त्या संसाराचेच हे निर्माल्य!

* * *

समीरने वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मुले पहाटेपासून शंका विचारू लागली. मी मात्र स्नान-पूजा आटोपल्याखेरीज ग्रुप उघडत नसे; अभंगाचा अर्थ पारोशाने कसा सांगावा? एका नव्या मुलाने एकदा तिसऱ्यांदा विचारले, "गुरुजी ऑनलाइन क्यों नहीं आते?"

दुसऱ्याने तत्परतेने कळवले, "अभी नहाए नहीं होंगे. नौ बजे आएँगे!"

झाडून साऱ्या पालकांनी ते वाचले.

* * *

वसुधाताईंनी 'माझी आई' हा निबंध दिला. नऊ वर्षांच्या ओंकारने वाचून दाखवला : "माता ही संस्कारांची आद्य संस्था होय..." हे मोबाइलने लिहून दिले आहे, हे ताईंच्या ध्यानी आले.

"म्हणजे काय रे, ओंकार?"

"पता नहीं, ताई. पर मम्मी रो पड़ीं!"

ताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "आता तुझे तू एकच वाक्य सांग." त्याने छताकडे पाहिले. मग म्हणाला, "आई मला उठवते, आणि मग पाच मिनिटं झोपू देते."

या वेळी डोळे ताईंनी पुसले.

* * *

आता माझ्या अपराधाकडे येतो. प्रेम नगरातली रेवा, वय दहा, गळा असा की समईची ज्योतही स्थिर व्हावी; उच्चार तेवढे हिंदी वळणाचे. तिच्या अभंगाचे समीरने चित्रण केले. ते फेसबुकवर टाकायला मी अधीर झालो.

"मुलीला विचारलंत का?" वसुधाताईंनी अडवले.

"ताई, देवाचे नाव आहे. त्याला कसली परवानगी?"

मी ते टाकलेच. संध्याकाळपर्यंत पुष्कळांनी त्याखाली हात जोडले. पण दूरच्या कोणा अनोळखी गृहस्थाने लिहिले, "हिला आधी मराठी शिकवा!" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. रेवाने ते सारे आमच्याआधी वाचले होते.

आम्ही चित्रण तत्काळ काढून टाकले. वसुधाताई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "देवाची परवानगी होती, गुरुजी. रेवाची नव्हती."

* * *

पुढच्या रविवारी रेवा आली. टाळ्या वाजवल्या, ओठ मात्र उघडले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही तसेच. मी तिच्यासमोर बसून हात जोडले, "बाळ, माझे चुकले."

"कोई बात नहीं, गुरुजी," ती म्हणाली. तिने भांडण केले असते, तर बरे झाले असते.

* * *

होळी जवळ आली होती. मी वर्गात जाहीर केले, "आज मी बुंदेली फाग गाणार!" रेवाच्या गल्लीत होळीला घरोघरी गायले जाणारे हे गाणे. माझी हयात झाशीत गेली. पण इथली बुंदेली बोली कानांनी जितकी आपली मानली, तितकी जिभेने कधी मानली नाही. मी माझा मोबाइल रेवाच्या हाती दिला. "तू चित्रण कर."

पहिल्या ओळीलाच मुले एकमेकांच्या अंगावर कोसळली. दुसऱ्या ओळीला वसुधाताईंनी पदर तोंडाशी नेला. समीर खांबाआड गेला. मी डोळे मिटून, अभंगाच्या चालीत, अख्खी फाग रेटली. डोळे उघडले तेव्हा रेवा हसत होती. किती दिवसांनी!

"आता टाक फेसबुकवर," मी म्हणालो. "माझी परवानगी आहे. साऱ्या जगाला पाहू दे."

रेवाने चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. तिचे हसू थांबले होते.

"नको, गुरुजी. लोग हँसेंगे."

तिने ते पुसून टाकले, मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि गुडघ्याला गुडघा लावून माझ्या शेजारी बसली.

"मी आधी म्हणते," ती म्हणाली, "तुम्ही मागून म्हणा."