पुढच्या ब्रेकचा नट

तिसऱ्या दिवशी मार्था पाय न टेकवता आठचा आकडा काढून आली आणि माझा दिवस खराब झाला.

दौंडला रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं मोठा इंग्रजी आठ आखलेला होता. त्यावरून हळू गाडी फिरवायची. मार्थाला त्या सोमवारपर्यंत धड सायकलही येत नव्हती. मी चार वर्षं भावाची मोटरसायकल चालवत होते. आणि शिकवणारे हवालदार टाळ्या वाजवत होते त्या तिच्यासाठी.

आम्ही दोघी शिरूरच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या नर्स. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. दवाखान्याला कुणीतरी मोटरसायकल देणगी दिली. बाळंतीण एसटीच्या वेळा बघून अडत नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी ठरवलं, मांडवगण फराट्याकडचा भाग जी नर्स बघेल तिला गाडी. त्या भागात मी नऊ वर्षं पायी आणि बैलगाडीनं फिरले होते. मार्थाला लागून दीड वर्ष झालं होतं. तरी डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोघी शिका. हवालदार जिचं नाव देतील तिला गाडी आणि भाग."

हवालदार म्हणजे दौंडचे गायकवाड मामा. फौजेत मोटरसायकलवरून टपाल नेण्यात त्यांची उमर गेली होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझा काष्टा आणि मार्थानं घातलेली तिच्या भावाची पँट बघितली, दोन्ही पास केले आणि विचारलं, "कुणाला येती गाडी?"

"मला," मी म्हणाले.

"मग तुम्हाला शिकवायला येळ लागंल."

मला ते तेव्हा कळलं नाही. मी एक फेरी मारून आले, तर म्हणाले, "पुढचा ब्रेक कशाला ठेवलाय बाई, शोभेला?"

इथं थोडं सांगायला हवं. मोटरसायकलला दोन ब्रेक असतात. मागचा पायानं दाबायचा, पुढचा उजव्या हातानं. आमच्याकडं सगळे म्हणायचे, पुढचा दाबला की माणूस हँडलवरून उडतो. चुकून दाबला जाऊ नये म्हणून लोक त्या ब्रेकच्या केबलचा नटच सैल करून ठेवत. मग लिव्हर नुसता लोंबत राहतो. भावानं त्याच्या गाडीचा तसाच ठेवला होता. मी तशीच शिकले होते.

मामांचं उलट. "गाडी थांबती ती पुढच्या ब्रेकवर. मागचा नुसता मदतनीस. दोन्ही संगट, आन् दमानं."

मार्थाला आधीचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिनं ऐकलं. मी ऐकल्यासारखं केलं. सरावाला गाडी एकच होती, मामांची जुनी. सीनियर म्हणून पहिली पाळी माझी. बसण्याआधी मी हळूच नट चार फेरे सैल करायची आणि उतरताना परत आवळायची. भीती माझी होती, तिला त्रास नको. एवढा प्रामाणिकपणा तोपर्यंत शिल्लक होता.

पण दिवसागणिक ती सुधारत गेली. दुपारी डबा खाताना म्हणाली, "ताई, तुमच्यासारखा स्पीड मला कवा जमायचा न्हाई."

मामा बाजूलाच होते. "स्पीड काय, उतारावर बैलगाडीबी घेती," ते म्हणाले.

मी अर्धाच डबा झाकून ठेवला.

परीक्षेला तीन गोष्टी होत्या. आठचा आकडा, हळू चालवणं आणि एकदम थांबणं. पहिल्या दोन मला जमल्या. तिसरीत तिसऱ्या गिअरमध्ये यायचं आणि मामांनी लाल फडकं खाली टाकलं की फक्कीच्या रेघेआधी उभं राहायचं. मी पाय दाबला. मागचं चाक जॅम झालं, गाडी फरफटत आडवी होत गेली आणि रेघेच्या दोन हात पुढं जाऊन थांबली.

मामांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी उतरले आणि गाडी मार्थाच्या हातात दिली.

नट आवळला नाही. विसरले, असं आजपर्यंत दोघातिघांना सांगितलं आहे. विसरले नव्हते. नट मला स्वच्छ आठवत होता. मला एवढंच वाटत होतं, की तीही रेघेच्या पुढं जावी. दोन हात. फार नाही. ती पडली तर काय, हे मी मनात येऊ दिलं नाही.

मार्थानं पँट वर खोचली, गाडीवर बसली. मी दोन पावलं मागं सरकले.

मग तिनं रोज करायची तेच केलं. गाडी सुरू करण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघितले. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट. मी ती एकदाही केली नव्हती. लिव्हर हँडलला जाऊन टेकला. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. खाली उतरली, नट चार फेरे आवळला.

"काय झालं गं?" मामांनी लांबून विचारलं.

"काय न्हाई मामा, केबल ढिल्ली झालीया. जुनी गाडी हाय."

ती आली, फडकं पडलं, आणि रेघेच्या हातभर अलीकडं गाडी सरळ उभी राहिली. मला तिचा सगळ्यांत जास्त हेवा वाटला तो त्या क्षणी नाही. त्याच्या आधी, तिनं माझं नाव घेतलं नाही तेव्हा. आता ती चांगलीसुद्धा निघाली होती.

मामा माझ्याजवळ आले. "बाई, नट आपसूक चार फेरं सुटत न्हाई."

"मीच सैल करते. भीती वाटते."

"व्हय. आन् रोज आवळता, त्येबी बघतोय मी. आज?"

मी काष्टा नीट खोचायला लागले. मामांनी वही उघडली आणि लिहायला लागले.

शिरूरला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. मार्थाच्या नावापुढं लिहिलं होतं, 'गाडी द्यावी.' माझ्यापुढं, 'पहिल्यापासून शिकवावे.' बाई म्हणाल्या, "अगं, पण तुला तर येत होतं ना?"

भाग मार्थाकडं गेला. अवघड बाळंतपण असलं की ती मला मागं बसवून न्यायची. एकदा उसाची बैलगाडी बांधावरून अचानक आडवी आली. आम्ही बैलांच्या शिंगांपासून वीतभर अलीकडं थांबलो. मांडीवरच्या बॅगेतली एकही बाटली फुटली नाही. पलीकडच्या वस्तीवर एका बाळंतिणीचं मूल पोटात आडवं आलेलं होतं. आम्ही पोचलो, दोघं वाचली.

पुढच्या महिन्यात मी रजा टाकली आणि पहिल्यापासून शिकायला दौंडला गेले. मामांनी किल्ली पुढं केली. मी बसले आणि आधी दोन्ही ब्रेक दाबून बघितले. पुढचा लिव्हर थेट हँडलला टेकला. नट मामांनीच सैल करून ठेवला होता.

मी उतरून आवळला. चार फेरे.