तपासणीची बाटली
अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी ओतताना जो गुडगुड आवाज होतो, तो कानावर आला की मी आष्ट्याच्या आमच्या घरी, मोरीच्या दारात जाऊन उभी राहते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडिलांच्या मूत्राशयातली कर्करोगाची गाठ काढून वर्ष झालं होतं. ती परत येतेय का हे बघायला दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालत, आणि तिच्या धास्तीनं ते आदल्या दिवशी जेवतसुद्धा नसत. मग सांगलीचे डॉक्टर म्हणाले, लघवीतल्या प्रथिनांवरून कळेल अशी नवी तपासणी निघालीय. सकाळची पहिली लघवी आणा, तपासणी चांगली आली तर दुर्बीण पुढं ढकलू. त्या सकाळी डेअरीला न्यायची दुधाची किटली दारातच होती आणि वडील मोरीत तांब्यानं तपासणीच्या बाटलीत पाणी ओतत होते. आतला तांबूस रंग फिकट होत गेला. मला बघून ते ओशाळले. "लय लाल दिसाय लागलंय गं. आईला बोलू नगंस." मी बाटलीला बूच लावून दिलं. रिपोर्ट चांगला आला, आईनं पेढे वाटले. दिवाळीपर्यंत गाठ सगळीकडं पसरली होती. दहाव्याला डेअरीचे सेक्रेटरी आले. "आवं, त्येंच्या दुधात आमी कवा लॅक्टोमीटर बुडवला न्हाई," ते आईला म्हणाले, "जन्मात पाणी घातलं न्हाई त्या माणसानं." आईनं भरल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली.