काकांच्या गायरीचा वास

“आदी उकडूक व्हया, मगे धुवूक!” वापरलेला फ्लास्क कुणी नुसता नळाखाली धरला, की काका असं म्हणत आणि तो हातातून काढून घेत. प्राध्यापक असो नाहीतर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, सगळ्यांना एकच कायदा.

मालवण तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे परिचर होते. जंतू मारायचं आमचं वाफेचं यंत्र वर्षातले सहा महिने आजारी. म्हणून काकांनी धामापूरच्या घरून भात उकडायचा मोठा टोप आणला होता. घरी उकडे तांदूळ, इथे जंतू. तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय साहेबसुद्धा कपाट उघडत नाहीत.

मी तेव्हा तिथेच शिकवत पीएचडीसाठी गरम जागी वाढणारे जीवाणू शोधत होते. पेशीतली रासायनिक कामं झटपट उरकणारी प्रथिनं म्हणजे एन्झाइम. साधी एन्झाइम उकळली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी कायमची बिघडतात. या जीवाणूंची मात्र घट्ट विणीची असतात, कढत पाण्यातही काम करतात. कापडाची खळ काढायला, पिठाची साखर करायला कारखान्यांना तीच हवी असतात. तीव्र आम्ल ओतावं लागत नाही, आणि एवढ्या उष्णतेत दुसरे जंतूही शिरत नाहीत.

हे सगळं मला पाठ होतं, पण हाती काही नव्हतं. राजापूरकडच्या गरम झऱ्यांचं पाणी दोनदा आणलं, दोन्हीदा शून्य. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “गणपतीच्या सुट्टीआधी येतो. काही नसेल तर विषय बदलू.” माझी दोन वर्षं वाया जाणार होती.

“राजापुराक कित्याक गेलंस गो?” काका म्हणाले. “आमच्या गायरीत हात घाल. भाजतलो!”

गायरी म्हणजे गोठ्यामागचा शेणखताचा खड्डा. मी हसले. दुसऱ्या दिवशी ते एसटीतून दोन डबे घेऊन उतरले. एकात दुपारची पेज, दुसऱ्यात गायरी. कुठला कुठला, हे कंडक्टरनेसुद्धा ओळखलं म्हणे.

आणि त्या घाणीतच मला तो जीवाणू सापडला. साठ अंशांत खुशाल वाढत होता. त्याने सोडलेलं, स्टार्च तोडणारं एन्झाइम गाळून मी एका फ्लास्कमध्ये ठेवलं. सरांना दाखवायला तेवढंच होतं.

सर तीन वाजता येणार होते. काकांनी सकाळपासून फरशी आरशासारखी केली. मी तास संपवून आले, तर माझा फ्लास्क टोपात, खळखळ उकळत्या पाण्यात.

“काका, हे काय केलंत!”

“माझ्या गायरीचो वास येय होतो गो. सायबांपुढे बरा दिसता? माका वाटला, टाकूचा आसा.”

जीवाणू बशीत सुखरूप होते, पण साठ अंशांतलं एन्झाइम शंभरात टिकेल असं मला वाटेना, आणि नवं जमवायला आठवडा लागला असता. “तुमच्या स्वच्छतेला आग लागो!” असं मी म्हटलं, आणि चक्क रडले. वडिलांच्या वयाच्या माणसाला असं बोलले, याची आजही लाज वाटते.

काका बाहेर गेले आणि आपला न उघडलेला पेजेचा डबा घेऊन आले. “एकदा घालून बघ तरी. काय बिघाडता?”

मेलेल्याला पेज भरवायची म्हणजे कमालच. पण त्यांचा चेहरा बघवेना. पेज पातळ करून दोन नळ्यांत घातली. एकीत उकळलेलं एन्झाइम, दुसरीत साधं पाणी. दोन्ही गरम पाण्यात ठेवल्या, मग गार करून आयोडीन टाकलं. पेजेतला स्टार्च शाबूत असला की आयोडीन निळंभोर होतं. पाण्याची नळी झाली. दुसरी होईना. निळ्या नळ्या धुण्यात काकांचा जन्म गेलेला. त्यांना माझ्याआधी कळलं.

“पिवळा रवला गो! पिवळा रवला!”

सर आले ते ‘उकळलेलं’ असं लिहिलेल्या पिवळ्या नळीकडे बघतच राहिले. “हे उकळलं कुणी?”

काका ताठ उभे राहून कचेरीच्या मराठीत म्हणाले, “साहेब, चूक माझी आहे. क्षमा असावी.”

“किती वेळ उकळलंत?”

“वीस मिनटां,” म्हणाले, आणि कचेरी सुटली. “वास जायसर.”

सर हसत सुटले. “अहो, हीच परीक्षा हिला पुढच्या वर्षी द्यायला लावणार होतो!” विषय बदलला नाही. काका त्या दिवशी उपाशीच राहिले, कारण सरांसमोर पुन्हा पुन्हा करून बघताना पेज आम्ही संपवली होती.

माझ्या प्रबंधात आभाराचं पहिलं नाव त्यांचं आहे. ते निवृत्त झाले आणि मागच्या वर्षी गेले. गायरीही आता बुजवली आहे. फार आठवण येते त्यांची.

परवा नव्या परिचर मुलीने त्याच एन्झाइमचा एक फ्लास्क उचलून नाक मुरडलं. “मॅडम, ह्या नासला. उकडूक घालू?”

“घाल,” मी म्हटलं. “तेका काय एक होवचा नाय.”

तिने तो काकांच्या टोपात ठेवला.