जावईबापूंची चव जाते

कोरोनाच्या काळात आमच्या अख्ख्या मंडलात (तेलंगणात तालुक्याला मंडल म्हणतात) सगळे नियम पाळणारा एकच माणूस होता, आणि दुर्दैवाने तो मी होतो.

मी मराठी शाळेत मास्तर. शाळा बंद पडल्या तशी आम्हा मास्तरांना घरोघरी फिरून ताप मोजायची ड्युटी लागली. हातात ती पिस्तुलासारखी मशीन आली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. दिसेल त्याच्या कपाळावर मी मशीन रोखायचो आणि वर सहा फुटांवर व्याख्यान द्यायचो. लोक मला बघून गल्ली बदलू लागले. (कोरोनाच्या भीतीने नव्हे, व्याख्यानाच्या!)

चार महिने माहेरचं तोंड न पाहिलेली माझी बायको रेखा एके दिवशी म्हणाली, "आई फोनवर रडून राह्यली होती. रविवारी मॅच बी हाय. बाबा म्हणते, जवाईबापूले घेऊन ये, गावरान कोंबडा कापतो."

सासुरवाडी बाजारहत्नूरच्या बाजूला, मोटारसायकलवर तासाभराची वाट. पण माझ्या सासूबाईंना, म्हणजे मामींना, जुना दमा. लग्नानंतर माझी बदली लांब मंचेरियलकडे झाली होती, तेव्हा याच मामी दर पंधरवड्याला बसच्या कंडक्टरच्या हाती तिळाच्या चटणीचा डबा धाडायच्या. त्यांच्या घरात मला रोग घेऊन जायचा नव्हता. म्हणून मी सासऱ्यांना फोन लावला आणि अटी घातल्या.

"मामा, सहा फूट अंतर पाह्यजे."

"सहा काऊन, धा ठेवू! आंगण मोठं हाय."

"सैपाकघरात एकच मानूस जाईन. तोच रांधन, तोच वाढन. भांड्याले दुसऱ्याचा हात नाई लागला पाह्यजे."

"मंग सुनबाईनं काय करायचं?"

"तिले सुट्टी द्या. अन् सगळ्याईनं गळ्यात कापराची पोटली बांधायची, मी घेऊन येतो."

"बापू, तुमी या तर खरं! नाई तर कोंबडा म्हातारपणानं मरंन!"

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. फाटकातच मी सगळ्यांचा ताप मोजला. मामांचा आकडा एवढा कमी आला, की मशीनच्या मते ते केव्हाच वारले होते. मेहुणा गजू म्हणाला, "भाऊजी, एकदा म्हशीचा बी मोजून पाहा, बाबापेक्षा जास्त निंगन."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. टीव्ही वायर ओढून ओसरीवर आणला होता. अंगणात मी चुन्याने गोल आखले: एक मामांना, एक गजूला, एक त्याच्या बायकोला ज्योतीला, एक रेखाला आणि एक मला. मामी स्वयंपाकघरात एकट्या. मग प्रत्येकाच्या गळ्यात कापूर, ओवा आणि लवंगेची पोटली बांधली. कापूर मी सढळ हाताने घातला होता. त्या अंगणात कोंबडा शिजतो आहे की आरती चालली आहे, हे नाकाला कळायला मार्ग नव्हता.

मॅच सुरू झाली. मैदान रिकामं आणि गोंगाट मात्र लाखभर माणसांचा.

"मानूस एक दिसत नाई," मामा म्हणाले, "अन् वरडून कोन राह्यलं?"

"ते रेकॉर्ड लावते बाबा."

"म्हणजे आपन ज्वारीतले डुकरं हाकलाले लावतो तसं?"

मामांचं क्रिकेट हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या टीव्हीवर समालोचन तेलुगूत चालतं आणि मामा त्याच्याशी मराठीत भांडतात. पण त्यांचा खरा कायदा एकच: जोडी जमली की कुणी जागचं हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. एकदा ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये गजू दारात आलेल्या पाहुण्याला 'या' म्हणायला उठला, आणि पुढच्याच बॉलला आपला गडी बाद झाला. तो पाहुणा अजून त्या घराची पायरी चढलेला नाही.

भारताचे तीन गडी झटपट गेले आणि मग जोडी जमली. मामांनी हात वर केला. "आता कोनी हलायचं नाई!" नेमक्या त्याच वेळी मामी पातेलं घेऊन बाहेर आल्या. लांब दांड्याची पळी घेऊन, वाकून वाकून, दुरूनच त्यांनी आम्हा चौघांना वाढलं. ज्योती मागाहून मामींबरोबर जेवणार होती. ती बिचारी आपल्या गोलात उपाशी बसून मॅच बघत होती.

रस्सा लालभडक, वर तेलाचा तवंग. मी मास्क हनुवटीवर ओढला, ज्वारीच्या भाकरीचा घास बुडवला आणि तोंडात घातला.

काहीच नाही!

दुसरा घास घेतला. जाळ लागला, पण चव नाही. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं मला आठवलं, की तिखट ही चव नसतेच, ती वेदना असते! म्हणजे वेदना शाबूत आणि चव गेलेली. नाक पातेल्याच्या दिशेने फिरवून जोरात श्वास ओढला. नुसता कापूर. चव आणि वास जाणं, म्हणजे कोरोनाच! शुक्रवारी एका घराच्या दारावर मी 'रुग्ण आहे, आत येऊ नये' असा कागद चिकटवला होता आणि त्याच घरी चहा घेतला होता. (बाईंनी फार आग्रह केला हो! हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

 साऱ्या मंडलाला शिकवणारा मी, आणि रोग आणला तो मीच, तोही दम्याच्या मामींच्या घरात!

"बापू, कसा झाला जी रस्सा?" मामींनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. आता सासुरवाडीत जावयाने ताटाला नाव ठेवायचं नसतं, आणि मला तर वेगळंच काही झाकायचं होतं. मी उसनं हसू आणून म्हणालो, "वा मामी! अशी चव तर आजपर्यंत चाखली नाई!"

(तसं पाहिलं तर हे खरंच होतं.)

माझं बोलणं संपलं मात्र, मामांचा चालता जबडा थांबला. गजूने हातातला घास ताटात ठेवला. रेखाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मामींसमोर शिवी दिली. पण मला कुणाकडे बघायला फुरसत होती? इथून पळायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"मामा, मी जरा वावराकडून येतो."

"बसा खाली! जोडी जमली हाय!"

"लय घाईचं काम हाय, मामा."

"ओव्हर होऊ द्या."

ओव्हर झाली. शेवटच्या बॉलला चौकार बसला. "पाह्यलं? तुमी बसले म्हणून!" मामा म्हणाले, पण त्यांचा आवाज खोल गेला होता. आता तर माझं उठणं म्हणजे देशद्रोह झाला असता.

तेवढ्यात मामी पुन्हा वाढायला आल्या.

"मामी, दुरूनच वाढा!"

"पळी पुरत नाई ना, बापू." त्या जवळ आल्या. मी श्वास कोंडला. त्यांनी एक पळी वाढली, दुसरी वाढली, तुकडा शोधायला तिसऱ्यांदा पळी घातली. माझे डोळे बाहेर यायला लागले.

"अवं, हे लालेलाल काऊन झाले?"

मी बोटाने रश्श्याकडे दाखवलं. तोंड उघडायची सोय नव्हती.

"तिखट आवडलं वाटते!" असं म्हणून मामींनी चौथी पळी वाढली.

त्या दूर गेल्यावर मी श्वास सोडला आणि मग कुठे माझं इतरांकडे लक्ष गेलं. मामा एकामागून एक हिरव्या मिरच्या कचाकचा चावत होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी पुढची मिरची चालूच. गजूने तर हद्द केली. लग्न होऊन पोक्त झाला तरी बापापासून तंबाखूचा खर्रा लपवणारा हा माणूस, त्याने खिशातून खर्र्याची पुडी काढली, बापासमोर उघडली, आणि तिच्यात नाक खुपसून जोरजोरात वास घेऊ लागला! आणि मामांनी ते पाहिलं. पाहून गप्प बसले! तिकडे आपल्या गड्याने षटकार ठोकला. एरवी मामांच्या आरोळीने झाडावरचे बगळे उडतात. त्या दिवशी मामांनी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, माझा रोग यांना भोवला. पण इतक्या लवकर?

तेवढ्यात लाईट गेली. लाखभर माणसांचा गोंगाट एकदम बंद झाला आणि अंगणात नुसतं आम्हा माणसांचं घास गिळणं ऐकू येऊ लागलं. मला ते सहन होईना. मी उभा राहिलो.

"मामा, मामी, मले माफी करा. माह्यी चव गेली! वास बी गेला! मले कोरोना झाला अन् मी तो तुमच्या घरात आनला. मामी, तुमी आत जाऊन कडी लावा. रेखा, कपाटाची चाबी पिठाच्या डब्यामागं हाय."

 मग मामा आपल्या गोलात हळूच उभे राहिले.

"बापू, मले बी कायीच लागून नाई राह्यलं! तुमी वा वा करून राह्यले, म्हटलं रस्सा झ्याक हाय, मीच चाललो!"

"मी बी, बाबा!" गजू रडवेला होऊन म्हणाला. "खर्र्याचा बी वास येऊन नाई राह्यला!"

मामींनी ओसरीवर बसकण मारली. "अवं माय! तीन मानसं एका ताटावर?" त्या रडू लागल्या आणि त्यांना धाप लागली. मी त्यांच्याकडे धावलो, सहा फुटांवर आठवण झाली, थांबलो, आणि तिथेच हात चोळत उभा राहिलो. माझ्या आयुष्यात एवढा नालायक मी कधीच दिसलो नसेन.

तेव्हा कोपऱ्यातल्या गोलातून ज्योतीचा आवाज आला. "आई, रश्श्यात मीठ कोनं टाकलं?"

आता हे मीठ-प्रकरण सांगायला हवं. मामींचा हात मिठाला जड. पूर्वी या घरात जेवण झालं की सगळे माठाला वेढा घालून बसत. ज्योती लग्न होऊन आली तेव्हापासून रांधायचं मामींनी आणि मीठ घालायचं ज्योतीने, अशी वाटणी झाली होती. मामी चाखत नाहीत, मोजत नाहीत. पातेलं उतरवायच्या आधी नुसती हाक मारतात, "ज्योते, टाक वं!"

"तूच टाकलं असशीन ना?" मामी म्हणाल्या.

"मी कशी टाकू? मी दारात आली, तं तुमीच म्हटलं, आत येऊ नको, जवाईबापूचा नियम हाय!"

मामींनी पातेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग त्यांची धापही थांबली आणि रडणंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामांनी पाहिलं. गजूने पाहिलं आणि हळूच पुडी खिशात सारली. मला वाटलं, चुन्याचा तो गोल उघडावा आणि मी आत जावं.

लाईट आली. जमलेल्या जोडीतले दोघेही तंबूत परतले होते.

"जवाईबापू जागचे हल्ले!" मामा ओरडले. त्यांच्या अंगात एकदम जीव आला होता. "अळनी खाऊ घातलं, रोगी केलं, अन् वरून मॅच बी घालवली! पंचनामा करा रे यायचा!"

सगळे हसायला लागले. मीही लागलो. पण रेखा हसत नव्हती. मास्कच्या वर तिचे डोळे वाहत होते.

"अवं, तुले काय झालं? नुसतं मीठ नव्हतं."

"मले पैल्या घासालेच कळलं मीठ नाई म्हणून!" ती हुंदका देत म्हणाली. "आईचं नाव नको खराब व्हायले, म्हणून मी गप्प बसली. अकरा वर्सं झाली लग्नाले. माह्या भाजीत रोज एक खोट काढता तुमी. आज तेल जास्त, आज कांदा कच्चा. अन् इथं अळनी रस्सा भुरकून म्हणता, अशी चव चाखली नाई! माह्या काळजात धस्सच झालं. म्हटलं, गेलं हे मानूस! हे चांगलं म्हणून राह्यले म्हणजे नक्कीच कायीतरी झालं यायले!"

अंगणात पुन्हा हशा उसळला. मला मात्र हसता येईना. अकरा वर्षांत मी या बाईला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा तिला माझ्या मरणाची भीती वाटली. मी तिच्या गोलात गेलो. नियम मोडायचीही काही वेळ असते.

ज्योती मिठाची वाटी घेऊन अंगणभर फिरली. चुन्याचे गोल तिच्या पायांनी पुसले गेले, आणि आम्ही सगळे पुन्हा पहिल्यापासून जेवलो. तो कोंबडा खरोखरच अप्रतिम होता, पण हे मोठ्याने म्हणायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुकाट तपासणी करून आलो. काही निघालं नाही.

परवा रेखाने वांग्याची भाजी केली होती. इतकी सुरेख, की माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "वा!" ती चुलीवरची भाकरी तशीच सोडून धावत आली, पिठाच्या हाताने माझं कपाळ चाचपलं आणि म्हणाली, "एकदा मीठ कमी हाय म्हणा बरं. मंग माह्या जिवात जीव येईन."

मी म्हणालो, "मीठ कमी हाय." तेव्हा कुठे मला दुसरी भाकरी मिळाली.