चुनखडीवरचं गवत

मधुकर गेला त्याला आता सव्वा महिना होईल. त्याच्या मुलीचा सौंसरहून फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला स्टेशनजवळ चहा पीत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली. पहिला विचार काय आला सांगू? आता हा मला कधीच शिव्या देणार नाही... द्यायला हव्या होत्या हो त्याने, चांगल्या कचकचून.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. तो सौंसरला विज्ञानाचा मास्तर झाला, मी शेतीत राहिलो. त्याच्या वाट्याला चार एकर बरड जमीन आली. हातभर खणलं की पांढरी चुनखडी. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, आणि हा गडी तिथं मारवेल, पवन्या, कुसळी असलं गवत राखून बसला. "मास्तर गवत पिकवून राहिला," म्हणून लोक हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू! एकदा मी संत्र्याची कलमं लाव म्हणून मागेच लागलो, तर त्याने खिशातून लिंबू काढलं आणि ढेकळावर पिळलं. ढेकूळ फसफसलं. "पाह्य, हा चुना," म्हणाला. "संत्रा इथं पिवळा पडन. या गवताले मात्र हाच मानवते. माह्या आजाच्या आधीपासून हे इथं आहे, अन् तू मले शिकवून राहिला बे?" मग वाकून गवतातलं लावा पाखराचं घरटं दाखवलं. तेव्हा त्याचा आवाजच बदलायचा. वर्गात मात्र फार कडक होता म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात तो नागपूरला दवाखान्यात होता आणि शेत माझ्या भरवशावर. त्याच दिवसांत आमच्या गावच्या तलावाचा गाळ निघत होता. काळा, लोण्यासारखा! जो तो ट्रॅक्टर लावून नेत होता. माझ्या डोक्यात किडा शिरला. वाटलं, मधुकर बरा होऊन येईल, जमीन पाहून खूश होईल. शालूवहिनींच्या म्हातारपणाचीही सोय होईल. देवाशप्पथ, वाईट हेतू नव्हता. चार दिवसांत अख्ख्या बरडीवर वीतभर गाळ पसरला, वर आवळ्याची अन् आंब्याची रोपं लावली. त्याला विचारायला एक फोन पुरला असता.

पावसाळ्यात तो घरी आला. मीच गाडीवर बसवून नेलं, वाटेत गाढवासारखा हसत होतो. बरडीवर गाजरगवत कमरेला लागत होतं, रोपं त्यात बुडालेली. मधुकर बांधावर बसला.

"गाळ काढता नाही येत का रे?" मी विचारलं.

"खालचं सडलं असन आता." मग थांबून म्हणाला, "तू मायेनं केलं बे. म्हणून तर बोलता येऊन नाही राहिलं."

मी तरी खटपट केली. माणसं लावून एक कोपरा खरडला. खाली पांढरी माती निघाली, पण गवताचं एक मूळ जिवंत नव्हतं. पुढच्याच सरीत बाजूचा गाळ वाहून आला आणि तो कोपराही परत झाकला गेला. त्या पावसाळ्यात लावेही दिसले नाहीत.

तेराव्यानंतर वहिनी मला त्याच्या खोलीत घेऊन गेल्या. खाटेखालून त्यांनी सूप ओढलं. सुपात गवताचं मूठभर बी होतं. बांधाच्या कडेला चार ठोंब तगले होते. दिवाळीनंतर काठी टेकत जाऊन त्याने ते खुडून आणलं होतं. "रोज सकाळी उठले की यावरून हात फिरवाचे," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "भाऊजी, तुमच्याजवळ द्याले सांगतलं त्यायनं. कुठं पेराचं हे?"

मी आसपासच्या गावांतली एकेक बरड आठवून पाहिली. सगळ्यांवर गाळ पडला होता. मास्तरच्या शेतात टाकला म्हणून, माझं पाहूनच टाकला होता लोकांनी. वहिनी सूप धरून उभ्या होत्या.