रानमेथीची सुधारित जात

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या शेतकी खात्यात आधी पाट्या आल्या, खुर्च्या मागाहून. अहमदपूरच्या कचेरीत आम्ही सहा जण चार खुर्च्यांवर आळीपाळीनं बसायचो, आणि बाहेरच्या पाटीवर जिल्ह्याचं नाव इतकं ठळक रंगवलेलं होतं की एसटीतून जाणारी माणसं माना वळवून वाचायची. मी नांदेडच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला. कचेरीत दुसऱ्या कुणाकडे ही पदवी नव्हती, आणि मला तिचा भारी माज होता.

त्यात दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. जनावरांना चारा नाही म्हणून वरून हुकूम आला: प्रत्येक तालुक्यात लसूणघासाचा एक नमुना प्लॉट करा. लसूणघास म्हणजे मेथीसारख्या तीन-तीन पानांचा, जांभळ्या फुलांचा चारा. एकदा पेरला की वर्षानुवर्षं कापत राहायचा. त्याला फक्त पाणी लागतं. हुकूम काढणाऱ्याच्या नळाला पाणी येत असावं.

आमचे साहेब कडक इस्त्रीचे. गवताचे दोनच प्रकार त्यांना माहीत होते, कागदावरचं आणि बाकीचं. त्यांनी एका गावातल्या पाझर तलावाजवळ गायरानाचा तुकडा निवडला, विहिरीवर इंजिन बसवलं, दिवाळीच्या सुमारास बी पेरलं आणि त्याच दिवशी पाटी ठोकली. बी उगवलं, बोटभर वाढलं. मग विहीर आटली आणि महिन्याभरात सगळा प्लॉट विस्तवावरून काढल्यासारखा झाला. पाटी तेवढी टवटवीत राहिली.

तलावात पाणी नव्हतंच, पण पाळूच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खालच्या अंगाला थोडी ओल झिरपायची. त्या ओलीवर अर्ध्या एकरभर रानमेथी माजली होती. ही लसूणघासाचीच रानातली बहीण. पानं तशीच तीन-तीन, पण फूल इवलंसं पिवळं, आणि शेंग गोगलगाईसारखी वळलेली, काटेरी, धोतराला नि शेळीच्या केसांना चिकटून बसणारी. एरवी गव्हात दिसली की लोक तिला शिव्या घालत उपटतात. त्या साली पंचक्रोशीत हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

तलावापलीकडच्या बौद्धवाड्यातली एक म्हातारी रोज येऊन तिथला भारा कापून न्यायची. तिच्या पाच शेळ्या होत्या. गावात सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो.

जानेवारीत कळलं की लातूरहून मोठे साहेब प्लॉट बघायला येणार. आमच्या साहेबांनी करपलेल्या प्लॉटकडे पाहिलं, पाळूखालच्या हिरव्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “पाटी तिकडं हलवा.”

मी म्हणालो, “सर, ती रानमेथी आहे.”

“लांबून कळतं का?”

“लांबून नाही कळत.”

“मग त्यांना लांबूनच दाखवू.”

पाटी हलली. भोवती तारेचं कुंपण आलं. दुसऱ्या दिवशी मावशी विळा घेऊन आली ती तारेपाशीच थबकली.

“काय करायलाव हो साहेब हितं?”

“हा सरकारी प्लॉट आहे, मावशी. लसूणघासाचा.”

ती वाकून पाटीकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं तिला. मग माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसली. “माय माय माय! ह्या रानमेथीला सरकारी नोकरी लागली की! आन् माझ्या शेरडायनी काय खावं?”

मी तोंड फिरवलं. नोकरी मलाही नवीनच लागली होती.

मोठे साहेब आले. दोन जीपगाड्या, मागे धूळ. लांबून बघून परत जातील हा आमचा हिशेब त्यांनी मोडला. बूट सांभाळत ते थेट कुंपणाच्या आत शिरले. पँटीला काटेरी शेंगा चिकटल्या त्या झटकत म्हणाले, “लसूणघासाला फूल जांभळं येतं ना? हे पिवळं कसं?”

आमचे साहेब क्षणभरही अडखळले नाहीत. “ही सुधारित जात आहे, सर.” आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला पुढं ढकललं. “हे आमचे बॉटनीचे पदवीधर. विचारा त्यांना.”

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी ह्याच झाडाच्या शेंगेची आकृती काढून शाबासकी घेतली होती. मोठे साहेब माझ्याकडे बघत होते. तारेपलीकडे मावशी उभी होती, तीही बघत होती.

“हो सर,” मी म्हणालो, “सुधारित जात.”

मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथंच हुकूम दिला: उद्या सकाळी हा सगळा चारा कापून गावाबाहेरच्या गुरांच्या छावणीत वाटायचा. छावणीतली जनावरं कित्येक दिवस उसाच्या वाढ्यांवर आणि मूठमूठ कडब्यावर होती.

जीपगाड्या गेल्यावर मावशी तारेपाशी आली. ह्या वेळी हसत नव्हती. “बाबा, उपाशी जनावराला ह्ये वलं नुसतं टाकू नगा. दहिवराचं तर मुळीच न्हाई. ऊन पडू द्या, सुकू द्या, कडब्यात मिसळून थोडंथोडं घाला. न्हाईतर पोट फुगतंय.”

आमच्या साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, “बाई, शास्त्र आम्हाला शिकवू नका. शेळ्या सांभाळा.”

तिचं बरोबर होतं. द्विदल चारा ओला आणि भरपूर खाल्ला की पोटात फेस धरतो, हे माझ्या पुस्तकात सुद्धा होतं. पण आदल्या घटकेला सुधारित जात म्हणून साक्ष दिलेला मी, आता तोंड कुठल्या तोंडानं उघडणार?

सकाळी पानांवर दहिवराचे थेंब असतानाच कापणी झाली. दोन बैलगाड्या भरून चारा छावणीत गेला. फोटोवाला येणार म्हणून कडबा मिसळायचा नाही, हिरवं हिरवं दिसलं पाहिजे, असं साहेबांनी बजावलं. जनावरांनी तो ज्या आधाशीपणानं खाल्ला, ते बघून छावणीतली माणसं हात जोडत होती. फोटो चांगले आले म्हणतात.

तासाभरात पहिला बैल बसला. मग एक गाय. डाव्या कुशी ढोलासारख्या ताठ. कुणी ओरडायला लागलं, कुणी जनावरांना उगाच पळवायला लागलं. गुरांचा डॉक्टर उदगीरला गेलेला. साहेब म्हणाले, “मी फोन करून येतो,” आणि जीपमध्ये बसून गेले. कचेरीतला फोन आठ दिवसांपासून बंद होता, हे त्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात मावशी करडईच्या तेलाची बाटली घेऊन धावत आली. निरोप कुणी दिला कोण जाणे. तिनं एका बैलाला तोंडाकडची बाजू चढावर करून उभं केलं, तोंडात आडवी काठी बांधली म्हणजे तो चघळत राहील आणि वारा सुटेल. घशात तेल ओतलं आणि माझ्या अंगावर ओरडली, “बघतूस काय ठोंब्यावानी? कुशी चोळ!”

मी चोळली. एकामागून एक चोळत राहिलो. तिची बाटली संपल्यावर छावणीतल्या बायका आपापल्या घरून तेल घेऊन आल्या. दुपारी डॉक्टर पोचला तोवर बहुतेक जनावरं ढेकर देऊन उभी राहिली होती. एक बैल आणि एक गाभण गाय मेली. गाईचा म्हातारा धनी दावं हातात घेऊन तिच्यापाशी बसून होता. मला म्हणाला, “सरकारी गवत होतं ना? मग असं कसं झालं?” त्यानं खरंच विचारलं होतं. त्याला अजून सरकारी गवतावर विश्वास होता.

चौकशी लागली. साहेबांनी मला समोर बसवलं.

“लिहा. प्लॉटमध्ये शिरलेल्या विषारी तणामुळे बाधा झाली.”

“सर, प्लॉटमध्ये तणाशिवाय दुसरं काही नव्हतंच.”

“म्हणूनच म्हणतो. तण फार माजलं होतं असं लिहा.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

त्या अहवालावरून पुढचा हुकूम निघाला: तलावाखालचं विषारी तण समूळ उपटून नष्ट करावं. रोजगार हमीच्या बायका त्या कामावर लावल्या, त्यात मावशीही होती. देखरेखीला मी. विषारी रानमेथीचा भारा बांधून जो तो घरी शेळ्यांना नेत होता, आणि मी वहीत ‘नष्ट केले’ लिहीत होतो. मावशी माझ्याजवळून जाताना थांबली.

“तुला ठावं होतं ना रं, लेकरा? साहेबाला न्हाई, पर तुला ठावं होतं.”

“हो, मावशी.”

“मंग तवा दातखीळ बसली व्हती का? आमाला अक्षर येत न्हाई म्हणून आमचं कुणी ऐकत न्हाई. तुला येतंय तर तू त्याचं ह्ये केलास.” तिनं वहीकडे हनुवटीनं खूण केली, भारा डोक्यावर घेतला आणि गेली. त्यानंतर मी हाक मारली तरी ती माझ्याशी बोलली नाही.

आठवडाभरानं मी लातूरला स्वतंत्र पत्र पाठवलं. तण विषारी नव्हतं, ती रानमेथी होती, सुधारित जात हे मी खोटं बोललो, चारा ज्या तऱ्हेनं घातला त्यानं गुरं फुगली, आणि एका बाईनं हे आधी सांगितलं होतं. सोबत शेंगांसह वाळवलेली एक डहाळी जोडली. महिन्याभरानं दोन कागद आले. एकात, जोडलेला पाला कुठल्या नोंदवहीत घ्यावा अशी विचारणा. दुसऱ्यात, प्रशासकीय कारणास्तव माझी बदली देगलूरला. साहेबांना लातूरला बोलावून घेतलं, मोठ्या टेबलावर.

देगलूरला जाताना मी नांदेडला घरी दोन दिवस थांबलो. आईनं गल्लीत सांगून टाकलं की पोराला बढती मिळाली. शेजारी पेढे मागायला आले. मी पेढे आणून वाटले.