अर्ध्या मिलिमीटरची चूक

लेथवाल्या काकांकडे लोक जुन्या लेन्स घेऊन यायचे. वडिलांच्या, आजोबांच्या. त्या बसवायच्या असायच्या मोठ्या सेन्सरच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर, आणि दोघांचं काही केल्या जुळायचं नाही. काका मापाचं अ‍ॅल्युमिनियमचं कडं कापून ते जुळवून द्यायचे. त्यांचं एकही कडं आजवर परत आलं नव्हतं.

एक दिवस डोळ्याच्या डॉक्टरीणबाई काकांना म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलंय. परत यायचं नाही."

"बरं," काका म्हणाले आणि थेट दुकानात येऊन लेथ सुरू केलं. रडू नाही, राग नाही. दात काढायला गेल्यावर इंजेक्शननंतर गाल जसा आपला वाटत नाही, तसं आतून झालं होतं. काकूंना सांगायचं राहिलं. आज राहिलं, उद्या राहिलं, करता करता तीन आठवडे गेले.

मग एका दुपारी एक फोटोग्राफर पोरगी गेल्याच आठवड्यात नेलेलं कडं घेऊन परत आली. काकू तेव्हा गल्ल्यामागे शर्टाला बटण लावत बसल्या होत्या.

"काका, माणसांचे चेहरे झकास येतात, पण लांबचं सगळं धूसर. रिंग जाड झालीय का?"

काकांनी जाडी मोजायचा मायक्रोमीटर उचलला, डोळ्यासमोर धरला, खाली ठेवला. "झाली असेल. माझा उजवा डोळा गेलाय. तीन आठवडे झाले." दूध संपलंय म्हणावं, तसं म्हणाले.

काकूंची सुई थांबली. "आणि मला आत्ता कळतंय? गिऱ्हाइकाबरोबर?"

पोरगी भिंतीत शिरायची जागा शोधत होती.

काकूंनी शर्ट बाजूला टाकला. "आणा ते मापाचं इकडे. कसं वाचायचं ते सांगा." दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा आकडा बरोबर आला. कडं अर्धा मिलिमीटर जाड निघालं. काकांनी बोटांच्या अंदाजानं पातळ पातळ साल काढली, प्रत्येक फेरीला काकूंनी माप वाचलं.

पोरीनं लेन्स चढवली, कॅमेरा खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखला आणि स्क्रीनवर चित्र मोठं केलं. टाकीच्या शिडीची पायरी न् पायरी मोजता येत होती. "काकू, कमाल केलीत!" ती ओरडली. काकांनी डाव्या डोळ्यानं पाहिलं. काम बरोबर होतं. आनंद काही झाला नाही.

तेव्हापासून काकू रोज लेथशेजारी स्टूल टाकून बसतात. आकडा मोठ्यानं वाचतात, काका खेकसतात, "एवढं ओरडतेस काय, डोळा गेलाय, कान नाही!"

परवा मात्र काकूंनी मध्येच यंत्र बंद करून विचारलं, "अहो, वाईट वाटतं का हो तुम्हाला?"

काकांनी हातातलं कडं फडक्यानं पुसलं. "अजून तरी नाही."

"मला मात्र वाटतं," काकू म्हणाल्या, आणि पुढचं कडं मापायला घेतलं.